माठातले जीव

मेहरबीनं बुरख्याआडून पुडकं काढून गादीच्या कडेला ठेवलं, गाठ सोडली, आणि आतून एक पाखरू उडून तराजूच्या दांडीवर जाऊन बसलं. राखाडी रंगाचं, पंख अंगाशी घट्ट मिटलेलं, बोटाच्या नखाएवढं. पुंजासानं ते पाहिलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी मात्र पाहिलं नाही, कारण मेहरबी मुद्दाम मध्ये उभी राहिली होती. "सुनेसाठी नेली होती ना शेठजी खारीक," ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "बाळंतीण हाय घरात. कुटाले घेतली तं हे असं निघालं. म्या कोणाले बोल्ली नाई." पुंजासानं एक खारीक उचलली. खारकेला खारीक चिकटून आली, तिच्यामागं तिसरी आली, मध्ये बारीक पांढऱ्या धाग्याची जाळी आणि त्या जाळीत भुशासारखा कोंडा. एका खारकेच्या देठापाशी अळी होती. तिनं डोकं बाहेर काढलं, इकडं तिकडं हलवलं आणि परत आत घेतलं. पुंजासानं नवी खारीक दिली, एकेक फोडून, आत बघून. मेहरबी चारचौघांत काही बोलली नाही, हेच त्याला फार लागलं. तिनं दुकानात उभं राहून चार शब्द सुनावले असते तर तोही चार शब्द बोलून मोकळा झाला असता. कारंज्यात इतकी वर्षं सुका मेवा विकून त्यानं एकच गोष्ट कमावली होती, की पुंजासाच्या दुकानातला माल निवडून घ्यावा लागत नाही. आणि ती गोष्ट आता एका बाईच्या भलेपणावर उभी होती. ती गेल्यावर त्यानं तराजूकडं पाहिलं. पाखरू तिथंच होतं. त्यानं फुंकर मारली, तेव्हा ते उडून आतल्या दाराकडं, गोदामाकडं गेलं, घर माहीत असल्यासारखं.

ते कुठून आलं हे त्याला माहीत होतं. कळायला क्षणही लागला नाही, आणि तरी तो दिवसभर गोदामातलं एकेक पोतं उघडून पाहत बसला, कारण माहीत असलेली गोष्ट पाहायला जाण्याची त्याची तयारी नव्हती. भाद्रपद लागला होता. पावसानं आठ दिवस उघडीप दिली होती आणि गोदामात तो जुना, दमट, खवट वास भरला होता, जो त्याच्या लहानपणीही होता आणि ज्याला तो इतकी वर्षं धंद्याचा वास समजत आला होता. बदामाच्या पोत्यांच्या शिवणीवर जाळी होती. किसमिसच्या डब्याच्या झाकणाखाली जाळी होती. भिंतीवरून चार अळ्या वर चढत होत्या. खाऊन झालेल्या, जाड, आढ्याच्या लाकडात कुठं फट मिळते का ते शोधत. तो मान वर करून त्यांच्याकडं बघत राहिला. फटीत बसून त्या स्वतःभोवती घर विणणार, आणि दहा-बारा दिवसांनी त्यातून पाखरं निघणार. हे त्याला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, त्याच्या बायकोनं, चंपाबाईनं शिकवलं होतं. "पाखराले तोंडच नसते वाटते," ती एकदा म्हणाली होती, "अळी होती तवा सारखी खात होती, अन् पाखरू झालं की काहीच खात नाई. उपाशीच राह्यते अन् उपाशीच जाते." हे सांगताना तिला कशाचा एवढा आनंद झाला होता ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते कळून घ्यायचा त्यानं प्रयत्नही केला नव्हता.

गोदामाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं उन्हाचा कवडसासुद्धा पोचत नसे, तिथं लाकडी तिवईवर तो माठ होता. काळा, खांद्यापाशी थोडा तडकलेला, तोंडावर पातळ मलमलीचं फडकं बांधलेला. पुंजासाच्या आईचा माठ. त्यांच्या जैन घरात माल निवडताना किडका दाणा फेकायचा नाही, झाडूनं लोटायचा नाही, विस्तवात तर नाहीच नाही. अळी ज्या बदामात असेल त्या बदामासकट तिला माठात ठेवायचं. आठवड्याला दोन-चार चांगल्या खारका वरून टाकायच्या, उन्हात न्यायचा नाही, हलवायचा नाही, धुवायचा नाही. आतल्या जिवांनी आपलं जेवढं आहे तेवढं जगून संपवावं, त्यात आपण हात घालू नये. आई म्हणायची, की आपण त्यांचा माल खातो, ते आपला खातात, त्यात भांडण कसलं. चंपाबाई तेराव्या वर्षी या घरात आली तेव्हा सासूनं तिला चुलीच्या आधी हा माठ सोपवला. पुढं सासू गेली. मूल व्हायचं होतं ते झालं नाही, आणि त्याबद्दल बोलणं नवरा-बायकोनं बारा वर्षांपूर्वी थांबवलं. मग दमा आला. देवळाच्या पायऱ्या चढवेनात, मग ओटीसुद्धा उतरवेना, आणि या श्रावणात ती पुरती अंथरुणाला लागली. तिच्या धर्माचं जेवढं म्हणून करायचं उरलं होतं ते सगळं त्या माठात येऊन थांबलं होतं. अंथरुणात पडल्यापासून ती रोज संध्याकाळी त्याला विचारायची, "माठात टाकली का हो खारीक?" आणि तो रोज सांगायचा, "टाकली." बहुतेक दिवशी ते खरंही असायचं.

आता तो माठापाशी उभा राहिला आणि त्यानं खाली वाकून पाहिलं. फडकं सैल होतं. दोरीची गाठ होती, पण तिच्याखाली बोट जाईल एवढी फट होती, आणि त्या फटीतून माठाच्या पोटावर, तिवईवर, भिंतीवर जाळीचा एक पांढरा रस्ता गेला होता. किती दिवस? आषाढापासून? त्याआधीपासून? त्यानं माठाला कान लावला. आत फार बारीक आवाज होता, कागदावर नख फिरल्यासारखा. लहानपणी तो आणि त्याची बहीण असा कान लावून ऐकायचे आणि आई रागवायची. तो आवाज त्याला तेव्हा आवडायचा. आज तोच आवाज ऐकून त्यानं कान झटकन काढून घेतला, कारण दशलक्षण पर्व दुसऱ्या दिवशी सुरू होत होतं, आणि दहा दिवस देवापुढं वाहायचे बदाम दरवर्षीप्रमाणं त्याच्याच दुकानातून जाणार होते. पूजेच्या ताटात, सगळ्या समाजासमोर, मंत्र चाललेला असताना त्या बदामातून अळी निघाली तर? लोक काही म्हणणार नाहीत. मेहरबीसारखेच नजर फिरवतील, आणि पुढच्या वर्षी बदाम दुसरीकडून येतील.

आता माल साफ करायचा म्हणजे काय, हे त्या दुकानात कोणी कधी उघड बोललेलं नव्हतं. पुंजासा सकाळी देवळात जाताना इस्माईलला सांगायचा, "इस्माईल, मालाले जरा उन दाखव," आणि निघून जायचा. इस्माईल वीस वर्षांपासून गोदामात होता. तो पोती गच्चीवर नेऊन ताडपत्रीवर रिकामी करायचा, दिवसभर हात फिरवायचा, चाळायचा, आणि खाली जे पडेल ते काय करायचं ते करायचा. पुंजासा परत येई तोवर पोती भरलेली, तोंडं शिवलेली असत. दोघांनाही काय झालं ते ठाऊक असे. एकाच्या हाताला पाप लागत नाही आणि दुसऱ्याला ते पाप वाटत नाही, म्हणजे जगात त्या दिवशी काही वाईट झालंच नाही, असा तो हिशेब होता. पुंजासाच्या बापानंही तो असाच सांभाळला होता. ते छप्पन साल होतं आणि चौकात सगळीकडं एकच बोलणं होतं, की प्रांत मोडणार, वऱ्हाड मुंबईला जोडणार. लोक तावातावानं वाद घालत, आणि पुंजासा तिथून जाताना मनात म्हणे, की मला माझ्या गोदामातले दोन कोपरे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, तुम्ही प्रांतांचं बोला.

पर्वाचे पहिले दोन दिवस इस्माईलनं सगळा माल उन्हाला दाखवला. उन्ह कडक होतं, उघडिपीतलं भाद्रपदाचं उन्ह, डोकं दुखवणारं. गोदाम झाडून झालं, आढ्यातल्या फटी काडीनं कोरून झाल्या. देवळात जायचे बदाम पुंजासानं स्वतः एकेक हातात घेऊन पाहिले. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, साफ झालेल्या भिंतीवर, तीन नवी पाखरं बसलेली होती. "माठ हाय तोवर असंच होणार शेठजी," इस्माईल म्हणाला. त्याला हे वीस वर्षं माहीत असावं, पण कोणी विचारलं नव्हतं. पुंजासानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मग उद्या त्यालेबी उन दाखव," तो म्हणाला. इस्माईलनं पोत्यावरचा हात काढून घेतला. "नाई शेठजी. माल म्या नेतो, तो धंदा हाय. हा भाभीचा माठ हाय. भाभी मले ईदीच्या दिवशी इचारते, इस्माईल, माठाले धक्का तं नाई ना लावला? म्या सांगतो, नाई भाभी. हे माह्यानं होणार नाई." तो चिडून बोलला नाही, एखादं ओझं आपल्याला झेपणार नाही असं हमाल सांगतो तसं बोलला. पुंजासाला राग आला. दुसऱ्याच्या हातानं करून घ्यायची इतक्या वर्षांची सवय, आणि तो हातच आज नाही म्हणत होता.

तिसरा दिवस आर्जवाचा होता. सरळपणाचा. सकाळी देवळात त्यावरच प्रवचन झालं. मनात एक, बोलण्यात एक आणि करण्यात एक असं ज्याचं असतं, असं काहीतरी. पुंजासा खांबाला टेकून बसला होता आणि त्याला वाटलं, की आपण उठून जावं. उठला मात्र नाही. दुपारी चंपाबाईला औषधानं गुंगी आली तेव्हा त्यानं गोदामात जाऊन माठाला मिठी मारली आणि उचलला. माठ हलका होता, एवढ्या वर्षांच्या मानानं फारच हलका. जिन्यावर त्याला धाप लागली. गच्चीवर टिनाचे पत्रे तापून वर हवा थरथरत होती. त्यानं माठ पत्र्यावर ठेवला, फडकं सोडलं, आणि आतलं सगळं पत्र्यावर पसरलं. भुसा, पोकळ बदाम, खारकांची सालं, जाळीचे गठ्ठे, आणि त्यातून अळ्या. पहिले काही क्षण काहीच झालं नाही. मग त्या सगळ्या एकाच वेळी चालू लागल्या. सावली शोधत. पत्र्याच्या कडेकडं, माठाच्या खाली, त्याच्या वहाणांच्या सावलीकडं. एक त्याच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आली आणि तो मागं सरला. मी मारत नाही, तो मनात म्हणाला, मी फक्त सावली काढून घेतली. उन्ह देवाचं आहे. हे वाक्य त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ते दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याचाच आवाज त्याला ओळखू आला, गिऱ्हाइकाला भाव सांगतानाचा. पाखरं फारशी उडाली नाहीत. काही थोडी वर गेली आणि गरम हवेत गिरकी घेऊन परत पत्र्यावरच पडली. तो तिथंच उभा राहिला. खाली जायला हवं होतं, दुकान उघडं होतं, पण त्याला वाटलं की निदान उभं तरी राहावं. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा त्यानं प्रयत्न केला तर चंपाबाईचा आला. तेरा वर्षांची, नथ जड झालेली, माठावर वाकून, "ह्या अळीले कोणी आई-बाप नसते का हो?" असं विचारणारी. त्यावर आपण हसलो होतो. सगळं घर हसलं होतं. सूर्य कलेपर्यंत पत्रा शांत झाला. त्यानं केरसुणी आणली, सगळं एका फडक्यात गोळा केलं आणि मागच्या परड्यात खड्डा करून पुरलं. माठ आतून पुसला आणि परत तिवईवर ठेवला. वर फडकं बांधलं. या खेपेला गाठ घट्ट होती.

"माठात टाकली का हो खारीक?" चंपाबाईनं संध्याकाळी विचारलं.

"टाकली," तो म्हणाला. दोन खारका त्यानं खरोखरच टाकल्या होत्या. रिकाम्या माठाच्या बुडाशी त्या पडल्याचा आवाज त्याच्या कानात होता.

पुढचे सात दिवस दुकान चांगलं चाललं. पाखरू दिसलं नाही. देवळात बदामांचं कौतुक झालं. एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम म्हणाले, "पुंजासा, माल हो तं असा," आणि पुंजासानं हात जोडले. घरात मात्र त्याला चंपाबाईच्या खोलीत बसवेना. ती बोलायची कमी आणि श्वास घ्यायची जास्त, आणि त्या श्वासाच्या मध्ये कुठंतरी ती आपल्याला विचारणार असं त्याला सारखं वाटायचं. काय विचारेल? तिला काय ऐकू येत असेल? तिचं अंथरुण गोदामाच्या भिंतीला लागून होतं. पूर्वी संध्याकाळी तिच्या दिव्यापाशी एखादं पाखरू यायचं आणि ती त्याला हातानं दूर करून दिव्यावर काच ठेवायला सांगायची. आता दिव्याला काच ठेवायची गरज पडत नव्हती. तिनं ते एकदा बोलूनही दाखवलं, "आजकाल येत नाई कोणी," आणि तो म्हणाला, "उन पडलं ना, कमी झाले." यात खोटं काहीच नव्हतं. त्याला भीती एकाच गोष्टीची होती, की हिला कळेल. कळल्यावर ती रागावेल याची नाही. ती रागावणार नाही, ती फक्त त्याच्याकडं बघेल आणि मग परत कधी काही विचारणार नाही. आणि तिचं ते संध्याकाळचं विचारणं थांबलं तर या घरात दोन माणसांमध्ये बोलण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही, हे त्याला गच्चीवर नाही, आत्ता कळत होतं.

क्षमावणीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या माठ माह्याजवळ आणसान का?"

त्याच्या हातात औषधाचा पेला होता. "काहून?"

"देवळात तं जाणं नाई होत. लोक येतीन दाराशी, त्याईची मांगीन क्षमा. पण सगळ्यात जास्त आपलं माठातल्या जिवाईशीच राह्यते ना. हात लावीन अन् मांगीन. लई दिवस झाले, दिसलेबी नाई मले." आणि ती किंचित हसली, हे मागणं जरा पोरकटपणाचं आहे हे तिलाही कळत असल्यासारखी. तो आणीन म्हणाला. पेला तिच्या ओठांना लावताना थोडं औषध तिच्या हनुवटीवर सांडलं आणि त्यानं ते आपल्या सोग्यानं टिपलं.

मग सुरू झालं ते असं, की ज्यानं आपल्या गोदामातून किडीचं नाव पुसलं तो आता त्याच गोदामात एक अळी शोधत होता. त्यानं पोती उसवली. खारका फोडल्या. किसमिस ताटात पसरली. इस्माईलनं काम चोख केलं होतं. इस्माईल दारात उभा राहून हे बघत होता. "काय पाह्यजे शेठजी?" त्यानं विचारलं. पुंजासानं फोडलेली खारीक खाली ठेवली. "एखादी उरली असंन का रे कुठं?" "काय?" "अळी." इस्माईलच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग सगळं एकदम आलं, आणि त्यानं मान खाली घातली. "इथं नाई शेठजी," तो म्हणाला, "बस स्टँडकडं इंद्रभानचं दुकान हाय, त्याच्याकडं पाहा. तो माल लौकर बदलत नाई."

इंद्रभानचं दुकान म्हणजे चार फळ्या आणि बरण्या. पुंजासा आयुष्यात तिथं कधी थांबला नव्हता. थांबायची गरज पडली नव्हती, आणि खरं म्हणजे जाता-येता त्या धुळीनं आंधळ्या झालेल्या बरण्यांकडं पाहून त्याला नेहमी जरा बरंच वाटायचं. बाहेर रस्त्यावर शेलूबाजारची मोटार उभी होती आणि लोक टपावर गाठोडी चढवत होते. इंद्रभाननं त्याला पाहिलं आणि तो गडबडून उभाच राहिला. पुंजासानं खारीक मागितली. इंद्रभाननं आतून एक वेगळा डबा काढला, फुंकर मारून झाकण पुसलं आणि एकेक चांगली, मोठी, गुळगुळीत खारीक निवडून कागदावर मांडायला लागला. "ही नको," पुंजासा म्हणाला. "तळातली द्या. जुनी." "जुनी काहून शेठजी? हे पाहा, मूर्तिजापूरहून मांगल्या हप्त्यात आली." "किडकी असली तं चालंन." इंद्रभानचा हात थांबला. "शेठजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "आमी लहान लोक आहो. पण किडका माल नाई इकत. थट्टा करता काय आमची? उद्या तुमची क्षमावणी ना?" टपावरचा एक माणूस वळून बघत होता. पुंजासानं हात जोडले, भर रस्त्यात, "थट्टा नाई हो. औषधाले पाह्यजे. घरी बिमार हाय. वैद्यानं सांगतलं." इंद्रभान त्याच्याकडं बघत राहिला. मग तो खाली वाकला आणि फळीखालची बरणी काढून त्यानं ती बाहेरच्या लोकांना दिसू नये अशी पाठीआड धरून पुंजासाच्या उपरण्यात रिकामी केली. आत जाळी होती, कोंडा होता, आणि जीव होते. "कोणाले सांगू नका शेठजी," इंद्रभान म्हणाला. त्यानं पैसे घेतले नाहीत. पुंजासाला त्या क्षणी त्याच्याविषयी इतकी माया वाटली की त्याला रडू येईल असं वाटलं, आणि हेही कळलं, की आपण ज्याला दोन वाक्यांत एवढं नागवं केलं त्याची क्षमा मागायला आपण उद्या येणार नाही.

क्षमावणीला सकाळपासून माणसं येत होती. ओटीवर हात जोडून उभी राहत. वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. पुंजासाही तेच म्हणे, ते तेच म्हणत, आणि सगळे बडीशेप घेऊन पुढच्या घरी जात. सकाळभर त्याची किती जणांनी क्षमा मागितली आणि त्यानं किती जणांची मागितली, आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याचं काय चुकलं होतं ते माहीत नव्हतं. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा तो माठ घेऊन चंपाबाईच्या खोलीत आला. ती उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले होते, कोणाकडून तरी विंचरून घेतले होते. त्यानं माठ तिच्या अंथरुणावर ठेवला आणि फडकं सोडलं. तिनं आत पाहिलं.

"कमी झाल्या," ती म्हणाली.

"पाखरं झाली अन् गेली," तो म्हणाला.

तिनं हात आत घातला, अलगद, मनगटापर्यंत. बाहेर काढला तेव्हा तिच्या मधल्या बोटावर एक अळी होती. ती बोटाच्या टोकापर्यंत गेली, तिथं संपलं म्हणून डोकं उचलून हवेत चाचपडली, आणि वळून परत तळव्याकडं येऊ लागली. चंपाबाईच्या चेहऱ्यावर असं सुख त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. लग्नाच्या नव्या दिवसांत पाहिलं असेल कदाचित, पण ते त्याच्यासाठी होतं की नाही हे त्याला आता नक्की आठवेना. ती पुटपुटत होती. दम लागत होता म्हणून दोन-दोन शब्दांनी थांबत होती. आपण ऐकू नये म्हणून त्यानं खिडकीकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "आता तुमची मांगते."

"माझी कायची?"

"मांगायची असते ना. अन् माझं खरंच हाय." तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या पायाला हात लावला. तिला पुरतं वाकता येईना म्हणून तो हात गुडघ्यापाशीच राहिला. "माठाचं फडकं मीच सैल केलं होतं. जेठात. मी पडाच्या आंधी. मले वाटलं, आत गुदमरत असतीन. माह्या छातीत जसं होते तसंच त्याईले होत असंन. म्हटलं जाऊ द्या बाहेर, जाईन तिकडं जाईन. अन् मले मालूम होतं, ते दुकानात जातीन. तुमचा माल नासंन. तरी केलं. रोज तुमाले पाहो अन् वाटे, सांगाव. नाई सांगतलं. नासला ना माल? कोणी बोल्लं ना तुमाले?"

पुंजासा उभाच होता. पहिली लाट रागाची आली, शुद्ध रागाची, म्हणजे हिनं केलं हे सगळं, मेहरबीच्या सुनेच्या ताटात, देवळाच्या दारापर्यंत. आणि ती लाट ओसरली तशी मागं एकदम मोकळी जागा झाली, इतकी मोकळी की त्याला हलकं वाटलं. आता आपणही सांगू शकतो. दोघांचंही चुकलेलं आहे. ती फट आणि तो पत्रा, दोन्ही समोर ठेवता येतील, आणि मग कदाचित दोघं रडू, आणि मग कदाचित बोलूही, बारा वर्षांपूर्वी जे थांबवलं तिथून पुढं. तो खाली बसला. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला, तोच हात, आणि अळी तिच्या बोटावरून त्याच्या बोटावर आली. तिचं ते सूक्ष्म, गार चालणं त्याला कातडीवर कळलं. तिला सगळं सांगायचं तर ही अळी कुठली तेही सांगावं लागेल. चंपाबाईनं जिची क्षमा मागितली ती ही नव्हे, आणि जी होती ती परड्यात, मातीखाली आहे. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचं हे जे आहे ते जाईल. आता, त्याच्या डोळ्यांसमोर.

"काही नासलं नाई," तो म्हणाला. "कोणी काही बोल्लं नाई. केली क्षमा."

तिनं डोळे मिटले. श्वास दोनदा वर-खाली झाला आणि जरा बसला. मग तिनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं, वाट बघत, कारण एकाचं झालं की दुसऱ्यानं मागायची असते.

"अन् तुमचं?"

"माझं काही नाई," पुंजासा म्हणाला.

तिचा त्यावर लगेच विश्वास बसला.